शिकवणाऱ्यांची तयारी: विदर्भातील ग्रामीण पर्यटनात कामावरचे प्रशिक्षक कसे घडवावेत

ताडोबा, पेंच, नागझिरा किंवा मेळघाटच्या आसपासच्या रिसॉर्ट, होमस्टे आणि भोजनालयांमध्ये हंगामाच्या तोंडावर भरती होते तेव्हा येणारी बहुतेक मंडळी शेजारच्या गावांतली असतात. धानाची रोवणी, कापूस वेचणी, तेंदूपत्ता संकलन, रोजगार हमीची कामे यांत त्यांचे हात तयार झालेले असतात. मात्र डबलबेडवर चादर घालणे, पाहुण्याची ऑर्डर घेणे किंवा बाथरूम स्वच्छ करून कोरडे ठेवणे ही कामे त्यांच्या वाट्याला कधी आलेली नसतात. अशा नव्या माणसाला मालक एखाद्या जुन्या कामगाराच्या हवाली करतो आणि “याच्यासंगं राहा, पाहून पाहून शिकशील” असे सांगतो. जुना कामगार कामात कितीही तरबेज असला तरी शिकवणे त्याला कुणी शिकवलेले नसते. तो भरभर करून दाखवतो, नवा माणूस मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्याची तक्रार येते. ही साखळी तोडायची असेल तर नव्या कामगारांवर खर्च करण्याआधी त्या जुन्या कामगाराला प्रशिक्षक म्हणून तयार करावे लागते. ते कसे करावे, याचा क्रमवार विचार येथे केला आहे.

आधी वेळापत्रक पाहावे

प्रशिक्षणाची तारीख ठरवताना पर्यटनाचे आणि शेतीचे, अशी दोन्ही वेळापत्रके समोर ठेवावीत. ताडोब्याचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात, साधारणपणे जुलै ते सप्टेंबर, पर्यटनासाठी बंद असते आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरू होते. त्यामुळे पावसाळा म्हणजे प्रशिक्षणाचा काळ, असा निष्कर्ष नागपूर-पुण्याहून आलेले सल्लागार लगेच काढतात. परंतु चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा रोवणीचा असतो. त्या दिवसांत घरातली बाई किंवा तरुण मुलगा प्रशिक्षणाला येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. पोळा आटोपल्यानंतर ते गेट उघडेपर्यंतचा काळ या भागाला सोयीचा पडतो. वऱ्हाडात ऑक्टोबर हा सोयाबीन सोंगणीचा महिना असल्याने तिथे त्याआधीच मोकळे व्हावे लागते. चिखलदऱ्याचे गणित उलटे आहे, कारण तिथे गर्दीच पावसाळ्यात होते. तिथले प्रशिक्षण उन्हाळ्याच्या सुरुवातीला किंवा पावसाळ्यानंतरच्या आठवड्यांत घ्यावे. शेगावसारख्या देवस्थानाच्या गावी वर्षभर भाविक येत असल्यामुळे लांब सलग प्रशिक्षण जमत नाही. तिथे रोज दुपारचा एखादा तास काढणे हाच मार्ग उरतो.

व्याघ्र प्रकल्पांभोवती आणखी एक अडचण असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपत्ता, ही गावाची रोख कमाईची कामे नेमकी सफारीच्या ऐन हंगामात येतात. त्या काळात काही कामगार आठवडा-दोन आठवडे दिसणार नाहीत, हे गृहीत धरून प्रत्येक महत्त्वाचे काम किमान दोघांना येत असेल, अशी आखणी आधीच करावी. त्याला बेजबाबदारपणा म्हणणाऱ्या व्यवस्थापकाने त्या पंधरवड्यातली तेंदूची कमाई आणि आपण देत असलेला पगार यांची एकदा तुलना करून पाहावी.

प्रशिक्षक कोणाला करावे

सर्वांत जुना किंवा सर्वांत जास्त बोलणारा माणूस निवडण्याचा मोह टाळावा. ज्याचे काम दररोज सारखेच नीट होते, जो चिडत नाही आणि जो नव्या माणसाच्या हातातून वस्तू हिसकावून “दे इकडे, मी करतो” म्हणत नाही, तो चांगला उमेदवार समजावा. ही शेवटची खूण फार उपयोगी ठरते. उमेदवाराला एखाद्या नवख्याबरोबर अर्धा तास काम द्यावे आणि लांबून पाहावे; नवख्याचे हात किती वेळ कामात होते आणि उमेदवाराचे किती वेळ होते, एवढे मोजले तरी पुरे.

हाउसकीपिंग आणि स्वयंपाकघरात नव्याने येणाऱ्यांमध्ये महिलांची संख्या मोठी असेल, तर त्या विभागांत निदान एक प्रशिक्षक महिला असावी. गावातली चाळिशीची बाई वीस-बावीस वर्षांच्या मुलाकडून शिकताना शंका विचारत नाही. समजले नाही तरी “हो” म्हणून मोकळी होते. लिहिता-वाचता येणे ही प्रशिक्षकासाठी सोय आहे, पण ती अट करू नये. कामाची फोड लिहून देण्यासाठी दुसरा माणूस मदतीला देता येतो. प्रशिक्षकाला त्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत आणि शिकवण्याच्या दिवशी त्याच्या नेहमीच्या खोल्या कमी कराव्यात. ही तरतूद नसेल तर पुढचे सारे कागदावरच राहते.

कामाची फोड

प्रशिक्षकाच्या तयारीतला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत मोलाचा भाग हा आहे. ज्याला काम येते त्याच्या हातांना इतक्या गोष्टी आपोआप समजतात, की त्या सांगायच्या असतात हेच तो विसरतो. म्हणून प्रत्येक कामाचा एक कागद तयार करावा आणि त्यात तीन रकाने असावेत: पायरी, त्या पायरीतली खुबी आणि त्या खुबीचे कारण. ज्याने काम पुढे सरकते ती पायरी. ती पायरी बिघडणे, धोक्याची होणे किंवा सोपी होणे ज्यावर अवलंबून असते ती खुबी. हा कागद प्रशिक्षकाने टेबलावर बसून लिहू नये. त्याने काम करत राहावे, दुसऱ्याने प्रत्येक हालचालीला थांबवून “हे काहून केलं?” असे विचारावे आणि मिळेल ते उत्तर लिहून घ्यावे.

पाहुण्यांच्या बाथरूमची सफाई हे उदाहरण घेऊ. त्याची फोड साधारण अशी होते.

१. खिडकी उघडणे, पंखा लावणे, हातमोजे घालणे. खुबी: टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण कधीही एकत्र करायचे नाही. कारण: क्लीनरमधले आम्ल आणि ब्लीच यांतून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये त्याने श्वास कोंडतो.

२. कमोडमध्ये क्लीनर सोडून ठेवणे. खुबी: वरच्या कडेच्या आतल्या बाजूने गोल फिरवायचे आणि बाटलीवर दिलेला वेळ तसेच ठेवायचे. कारण: डाग त्या कडेखाली धरतात, आणि थांबलो नाही तर घासण्याचा त्रास दुप्पट होतो.

३. तेवढ्या वेळात आरसा, बेसिन आणि नळ पुसणे. खुबी: यासाठी निळे फडके आणि वरून खाली पुसत येणे. कारण: वरची घाण खाली येते, उलटे केले तर पुसलेलेच पुन्हा पुसावे लागते.

४. कमोड आतून ब्रशने घासणे, बाहेरून लाल फडक्याने पुसणे. खुबी: लाल फडके दुसऱ्या कशालाही लावायचे नाही आणि ते वेगळ्या बादलीत धुवायचे. कारण: कमोडचे जंतू बेसिनवर आणि पाहुण्याच्या ब्रशपर्यंत जातात.

५. फरशी धुऊन कोरडी करणे. खुबी: आतल्या भिंतीपासून दाराकडे यायचे आणि वायपर नेहमी मोरीकडे ओढायचा. कारण: ओल्या फरशीवर पाहुणा घसरतो, आणि उलट आलो तर आपल्याच पावलांचे ठसे उठतात.

एवढ्या एका कागदावर काम सुरू करता येते. एका बैठकीत शिकवता येईल त्यापेक्षा काम मोठे असेल, तर त्याचे दोन कागद करावेत. पाच-सहा पायऱ्यांपलीकडे गेलेला कागद नवख्याच्या डोक्यात राहत नाही. द्रव मोजण्यासाठी “एक झाकण”, “बादलीवरच्या लाल रेघेपर्यंत पाणी” अशी मापे ठरवावीत, कारण मिलिलिटरमध्ये सांगितलेले प्रमाण स्टोअररूमच्या भिंतीवरच राहते. आणखी एक लक्षात ठेवावे: हा कागद प्रशिक्षकासाठी आहे, शिकणाऱ्याच्या हातात देण्यासाठी नाही. शिकणाऱ्यासाठी तयार खोलीचा, तयार बाथरूमचा आणि मांडलेल्या टेबलाचा एकेक मोठा फोटो स्टोअररूममध्ये लावलेला पुरतो.

चार टप्प्यांची पद्धत

कामावर शिकवण्याची जी रीत आज जगभर वापरली जाते, तिचे मूळ अमेरिकेतल्या कारखान्यांत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात जहाजबांधणीसाठी हजारो नवखे कामगार झटपट तयार करायचे होते. त्या वेळी चार्ल्स ॲलन या व्यावसायिक शिक्षणाच्या जाणकाराने शिकवण्याचे चार टप्पे मांडले. १९४० मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी कार्यक्रमाने तीच पद्धत दहा तासांच्या छोट्या अभ्यासक्रमात बसवली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती जपानी उद्योगांतही रुजली. पर्यटनाशी तिचा थेट संबंध नव्हता, पण आपली अडचण अगदी तीच आहे: कामाचे ज्ञान असलेली माणसे आहेत, शिकणारी माणसे आहेत आणि वेळ कमी आहे.

पहिल्या टप्प्यात शिकणाऱ्याला तयार करायचे असते. त्याची भीती घालवावी, काम कोणते ते सांगावे, आणि त्याला आधीपासून काय येते ते विचारून घ्यावे. घर शेणाने सारवणाऱ्या बाईला कोपऱ्यापासून दाराकडे येणे शिकवावे लागत नाही. ते तिला येतेच, फक्त इथेही तसेच करायचे आहे एवढे सांगावे लागते. शिकणाऱ्याला आपल्या समोर उभे करू नये, शेजारी उभे करावे. समोर उभा राहणारा माणूस उजव्या-डाव्यात गोंधळतो.

दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षक काम तीनदा करून दाखवतो: एकदा फक्त पायऱ्यांची नावे घेत, दुसऱ्यांदा पायऱ्यांसह खुब्या सांगत, आणि तिसऱ्यांदा कारणांसह. पहिल्याच वेळी सगळे सांगून टाकण्याची घाई बहुतेक नवे प्रशिक्षक करतात, आणि तिथेच शिकणाऱ्याचा धागा तुटतो.

तिसऱ्या टप्प्यात शिकणारा काम करतो. पहिल्यांदा त्याने काहीही न बोलता करावे आणि चूक होताच तिथल्या तिथे थांबवून सुधारावी, म्हणजे चुकीची सवय हाताला लागत नाही. मग त्याने पायऱ्या, खुब्या आणि शेवटी कारणे सांगत पुन्हा करावे. “समजलं का?” हा प्रश्न प्रशिक्षकाने कायमचा सोडून द्यावा, कारण आपल्याकडे त्याचे उत्तर आदरापोटी “हो” असेच येते. त्याऐवजी “मावशी, आता तुम्ही करून दाखवा, अन् काहून करता ते सांगत जा” असे म्हणावे. कारण सांगता येऊ लागले की काम समजले, असे मानायला हरकत नाही.

चौथ्या टप्प्यात शिकणाऱ्याला एकट्याने काम द्यायचे, अडचण आली तर कोणाकडे जायचे त्या माणसाचे नाव सांगायचे आणि तपासणीच्या फेऱ्या हळूहळू कमी करत जायच्या. त्या एका माणसाचे नाव न सांगितल्यास नवखा जो पहिला दिसेल त्याला विचारतो आणि प्रत्येक जण आपली रीत शिकवतो.

प्रशिक्षकांसाठी पाच बैठका

वरची पद्धत भाषणाने शिकवता येत नाही, हे स्पष्ट म्हणावे लागेल. प्रोजेक्टर लावून दिवसभर ‘ग्राहक समाधान’ समजावणाऱ्या शिबिरांतून प्रमाणपत्रे मिळतात, पण शिकवता येऊ लागलेली माणसे फारशी बाहेर पडत नाहीत. त्यापेक्षा आठ ते दहा प्रशिक्षकांचा गट करावा आणि सलग पाच दिवस रोज दोन तासांच्या पाच बैठका घ्याव्यात. एका रिसॉर्टमध्ये इतके प्रशिक्षक नसतील तर शेजारच्या तीन-चार होमस्टे आणि ढाब्यांनी मिळून गट करावा. चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे उन्हाळ्यात घ्यायचेच असेल तर सकाळच्या सफारीच्या गाड्या निघाल्यावर लगेच, नऊ-साडेनऊच्या आत बैठक उरकावी.

पहिल्या बैठकीत मार्गदर्शकाने, म्हणजे या प्रशिक्षकांना शिकवणाऱ्या माणसाने, एकच छोटे काम तीन रीतींनी शिकवून दाखवावे. रुमालाची एखादी अवघड घडी याला चालते. एकदा फक्त तोंडाने सांगून, एकदा फक्त करून दाखवून आणि एकदा चार टप्प्यांनी. पहिल्या दोन वेळी शिकणाऱ्याची फजिती सगळे पाहतात, आणि पुढे पद्धत पटवून देण्यासाठी वेगळे बोलावे लागत नाही. दुसऱ्या बैठकीत सर्वांनी मिळून एका कामाची फोड करावी. घरी जाताना प्रत्येकाने आपापल्या विभागातले एक काम निवडून त्याची फोड करून आणायची.

उरलेल्या तीन बैठकांत प्रत्येक प्रशिक्षकाने आपले काम सर्वांसमोर एका खऱ्या नवख्याला शिकवायचे. शिकणारा खरोखर नवखा हवा. सहकाऱ्याने न येण्याचे सोंग घेतले तर सराव खोटा होतो. एकाचे शिकवणे वीस मिनिटांत संपवावे आणि दहा मिनिटे चर्चा करावी. चर्चेत आधी शिकवणाऱ्याने स्वतः सांगावे, मग इतरांनी, आणि मार्गदर्शकाने सर्वांत शेवटी. “छान झालं” या शेऱ्याला चर्चेत जागा नसावी. कोणती पायरी सुटली, कोणत्या खुबीचे कारण सांगायचे राहिले, शिकणाऱ्याचे हात केव्हा थांबले, एवढेच बोलावे. दहाव्या माणसाची पाळी येईपर्यंत पहिल्या माणसाच्या फोडीतल्या त्रुटी सर्वांना पाठ झालेल्या असतात, आणि या पद्धतीचे खरे सामर्थ्य तेथेच आहे.

बोलण्याची कामे

खोली, स्वयंपाकघर आणि बाग यांची फोड करणे सोपे जाते. पाहुण्याशी बोलण्याची फोड अवघड असते, म्हणून ती टाळली जाते. ती करता येते. “वाघ दिसेल ना?” हा प्रश्न जिप्सीचालकापासून चहा आणणाऱ्या मुलापर्यंत सर्वांना विचारला जातो. उत्तरातली खुबी अशी की आश्वासन द्यायचे नाही, आणि “काही सांगता येत नाही” एवढे बोलून गप्पही बसायचे नाही. जंगलात आणखी काय पाहण्यासारखे आहे ते एका वाक्यात सांगावे. कारण: आश्वासन दिले आणि वाघ दिसला नाही की राग जेवणाच्या टेबलावर निघतो. जेवण झाल्यावर बफर क्षेत्रातल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, रिसॉर्टमध्ये पाहुण्याला टॉर्च घेऊन खोलीपर्यंत सोडणे, वाटेत साप दिसला तर थांबून व्यवस्थापकाला कळवणे, पाहुण्याने आग्रह केला तरी कुंपणाबाहेर न नेणे, ही कामेही कागदावर आणून दोघांनी पाहुणा आणि कामगार होऊन वठवावीत.

भाषेबाबत अवाजवी अपेक्षा ठेवू नये. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, पूर्वेकडे झाडीबोली, पश्चिमेकडे वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाला आठवड्यात इंग्रजी येणार नाही. त्याला हिंदीतली आणि इंग्रजीतली पंधरा-वीस वाक्ये नेमक्या प्रसंगासकट पाठ असली की काम चालते. त्याबरोबर “सर, एक मिनिट, मैं साहब को बुलाता हूँ” हे वाक्य आधी पक्के करावे, कारण न समजताही मान हलवण्याने होणारे घोटाळे त्याने टळतात. शिकवण्याची भाषा मात्र शिकणाऱ्याचीच असावी. नागपूरकडच्या माणसाला ‘सांबार’ म्हटले की कोथिंबीर आठवते आणि मुंबईच्या पाहुण्याला इडलीसोबतची आमटी. स्वयंपाकघरातल्या प्रशिक्षकाने अशा जागा आधीच सांगून ठेवाव्यात.

मानापमानाचे प्रश्न

याबद्दल मार्गदर्शक पुस्तिकांत सहसा काही नसते, पण पहिल्या आठवड्यात काम सोडून जाणाऱ्यांची कारणे बहुधा येथे सापडतात. संडास साफ करणे आणि दुसऱ्याचे उष्टे उचलणे या दोन कामांना आपल्या गावांत जातीचा इतिहास चिकटलेला आहे. काही मुले घरी न सांगता ती करतात, काही नकार देतात, आणि काही ठिकाणी व्यवस्थापक ठरावीक वस्तीतल्या माणसांनाच ती देऊन प्रश्न मिटवतो. हा शेवटचा मार्ग अन्यायाचा आहे आणि तो कदापि स्वीकारू नये. ही कामे पाळीने सर्वांकडे यावीत, हातमोजे आणि ब्रश चांगल्या प्रतीचे असावेत आणि पहिल्यांदा प्रशिक्षकाने ती सर्वांसमोर स्वतः करावीत. प्रशिक्षक कमोड घासत असताना शेजारी उभ्या असलेल्या मुलाला जे कळते ते भाषणाने कळत नाही.

शिकणाऱ्याला सर्वांसमोर, विशेषतः पाहुण्यासमोर रागावू नये. वयाने मोठ्या बाईला मावशी किंवा काकू, पुरुषाला भाऊ किंवा काका असेच संबोधावे. महिला कामगारांशी पाहुणा किंवा सहकारी गैर वागला तर तक्रार कुठे करायची, हे पहिल्याच दिवशी सांगावे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे, आणि ही माहिती देणे हा प्रशिक्षकाच्या कागदातला भाग असायला हवा.

तपासणी आणि नोंदी

प्रत्येक विभागात एक मोठा तक्ता लावावा. उभ्या बाजूला कामगारांची नावे, आडव्या बाजूला कामे. ज्याला जे काम एकट्याने येते तिथे खूण, आणि ज्याला शिकवायचे आहे तिथे शिकवण्याची तारीख. खूण प्रशिक्षकाने करू नये. दुसऱ्या विभागाच्या प्रशिक्षकाने काम प्रत्यक्ष पाहून, कागदाशी ताडून ती करावी. तक्त्यावर एखाद्या कामाखाली एकच खूण असेल तर मोहफुलांच्या दिवसांत अडचण येणार, हे व्यवस्थापकाला आधीच दिसते.

स्वयंपाकघरासाठी मात्र घरची पद्धत पुरेशी नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्टॅक योजनेत दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा अशी अपेक्षा आहे, म्हणून स्वयंपाकघराच्या प्रशिक्षकाने ते प्रशिक्षण घ्यावे. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवणे ही खुबी तर्री, वरण आणि दही या तिन्हींच्या कागदांवर यायला हवी, आणि त्यासाठी टिकाऊ असा थर्मामीटर घ्यावा. अनुभवी कामगारांना औपचारिक प्रमाणपत्र हवे असल्यास पर्यटन व आतिथ्य कौशल्य परिषदेमार्फत पूर्वज्ञानाच्या मूल्यमापनाचा मार्ग आहे; त्याचा उपयोग त्या माणसाला पुढे दुसरीकडे नोकरी शोधतानाही होतो, आणि त्याला मालकांनी आडकाठी करू नये.

हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात रोज, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड आणि नंतर आठवड्यातून एकदा प्रशिक्षकाने शिकवलेल्या माणसाचे काम पाहावे. महिन्यातून एकदा सर्व प्रशिक्षकांनी अर्धा तास बसून पाहुण्यांच्या तक्रारी वाचाव्यात आणि प्रत्येक तक्रारीसमोर कागदावरची कोणती खुबी सुटली ते शोधावे. कागदावर ती खुबीच नसेल तर ती त्याच बैठकीत लिहून घ्यावी, आणि जुना कागद फाडून नवा फाइलमध्ये लावावा. फाइल प्रशिक्षकाच्या घरी न ठेवता कार्यालयात ठेवावी, म्हणजे तो उद्या जास्त पगारावर दुसऱ्या गेटजवळच्या रिसॉर्टमध्ये गेला तरी त्याने केलेली फोड मागे राहते.